बुडबुड्यांची बाटली

ऑक्सिजन लावलेल्या पेशंटच्या उशाशी बसलेलं माणूस पेशंटकडे कमी आणि बाटलीकडे जास्त बघतं. सिलिंडरच्या गळ्यात किंवा भिंतीवरच्या फ्लोमीटरखाली ती लटकलेली असते. पारदर्शक प्लॅस्टिकची, निम्मी-अर्धी पाण्यानं भरलेली, आत सतत बुडबुडे. बुडबुडे चालू आहेत म्हणजे म्हातारी सुरक्षित आहे, असा तिच्या लेकाचा हिशेब असतो. रात्री अडीचला बुडबुडे जरा मंदावले की तो चप्पल न घालता वॉर्डच्या दुसऱ्या टोकाला धावतो : "सिस्टर, बाटली बंद पडली!" सिस्टर येतात, नळी सरळ करतात, बाटलीचं झाकण एक आटा घट्ट करतात. बुडबुडे पुन्हा सुरू होतात आणि लेक भिंतीला पाठ टेकतो.

पुणे जिल्ह्यातल्या भोर-वेल्ह्याकडच्या माणसाला हे दृश्य ठाऊक आहे. करोनानंतर तर घराघराला ठाऊक झालं आहे. भोरला उपजिल्हा रुग्णालय आहे, वेल्ह्याला ग्रामीण रुग्णालय. त्यापुढे जायचं म्हटलं की रस्ता पुण्याचाच. वेल्ह्याहून विंझर, मार्गासनी, आंबवणे करत नसरापूरला हायवे गाठायचा, भोरहून कापूरहोळला. मग खेड-शिवापूर, कात्रज आणि शेवटी ससून नाहीतर ऐपतीप्रमाणे एखादं खासगी हॉस्पिटल. केळद-पासलीकडचा किंवा हिर्डोशी खोऱ्यातला पेशंट असेल तर तालुक्याचं गाव गाठण्यातच तास-दीड तास जातो. या सगळ्या वाटेवर, १०८ च्या गाडीत, तालुक्याच्या वॉर्डात, पुण्याच्या आयसीयूत, ती बाटली बरोबर असते. ती कशासाठी असते असं विचारलं तर नातेवाईक सांगतात, ऑक्सिजन पाण्यातून गाळून येतो. काही ठिकाणी कर्मचारीही तेच सांगतात. ते खरं नाही. बाटलीतलं पाणी काही गाळत नाही. कोरड्या ऑक्सिजनला थोडा ओलावा द्यावा एवढंच तिचं काम. आणि वॉर्डातल्या बहुतेक पेशंटना त्या ओलाव्याची गरज नसते, हे वैद्यकशास्त्राला निदान पस्तीस-चाळीस वर्षं माहीत आहे.

आधी ऑक्सिजन कोरडा का, ते पाहू. हवेतून ऑक्सिजन वेगळा काढण्याची मोठ्या कारखान्यांतली रीत म्हणजे हवा इतकी थंड करायची की ती द्रवरूप होईल. ऑक्सिजन उणे १८३ अंश सेल्सिअसला द्रव होतो. त्या थंडीत पाण्याचा अंश शिल्लक राहिला तर बर्फ होऊन यंत्राच्या नळ्या तुंबतील, म्हणून तो सुरुवातीलाच काढून टाकतात. पुढे सिलिंडरमध्येही ओल चालत नाही. पोलाद गंजतं आणि जास्त दाबाखालचा वायू झडपेतून सुटताना गार होतो तेव्हा तिथे बर्फ धरतो. युरोपीय औषधकोशानं वैद्यकीय ऑक्सिजनात पाण्याच्या वाफेची मर्यादा दहा लाखांत ६७ भाग एवढी घातली आहे. म्हणजे लिटरमागे सुमारे ०.०५ मिलिग्रॅम, जवळजवळ नाहीच. करोनानंतर रुग्णालयांच्या आवारात दिसू लागलेले पीएसए प्लांट आणि घरी वापरायचे कॉन्सन्ट्रेटर हवेतला नायट्रोजन झिओलाइटच्या खड्यांवर अडवून ऑक्सिजन काढतात. तोही कोरडाच बाहेर पडतो.

फुप्फुसाला मात्र हवा दमट लागते. फुप्फुसाच्या खोलवर पोचेपर्यंत हवा ३७ अंशांची आणि वाफेनं पूर्ण भरलेली असावी लागते. त्या तापमानाला एका लिटर हवेत ४४ मिलिग्रॅम पाणी मावतं. हे काम नाक करतं. नाकातल्या वळ्यांवरून जाताना हवा तापते, ओली होते. घशापर्यंत येईतो निम्म्याहून बरंच अधिक काम उरकलेलं असतं, राहिलेलं श्वासनळी आणि तिच्या पहिल्या फांद्या पुरं करतात. श्वास सोडताना नाक त्यातली थोडी ऊब आणि साधारण पाव ते तृतीयांश ओल परत अडवून ठेवतं. श्वासनळीच्या आतल्या बाजूला केसांहून बारीक तंतू असतात. ते अखंड हलत राहून कफाचा पातळ थर घशाकडे ढकलत असतात. धूळ, जंतू, धूर त्याच थराला चिकटून वर येतात. हवा कोरडी पडली की तो थर घट्ट होतो आणि तंतूंची हालचाल मंदावते. तेव्हा ओलाव्याची काळजी घेणारे लोक चुकीच्या गोष्टीची काळजी घेत नाहीत. फक्त कोणाला, किती, हा प्रश्न आहे.

आता हा प्रश्न भोर-वेल्ह्याच्या हवेत ठेवून बघू. मी केलेला हिशेब कागदाच्या पाठीवरचा आहे, कोणालाही पडताळता येईल. जुलैत वेल्ह्याला तोरणा किल्ला ढगात बुडालेला असतो. हवा २२ अंशांच्या आसपास आणि जवळजवळ संपृक्त. अशा हवेच्या लिटरमध्ये १८-१९ मिलिग्रॅम पाणी असतं. ज्या हवेत आठ-आठ दिवस गोधड्या वाळत नाहीत, तीही शरीराच्या दृष्टीनं निम्मी कोरडीच : ४४ ला अजून २५ कमी. जानेवारीत पहाटे पारा १२ अंशांवर आणि आर्द्रता निम्मी असेल तर लिटरमध्ये जेमतेम पाच मिलिग्रॅम. आराम करणारा माणूस मिनिटाला सात-आठ लिटर हवा घेतो. आठ धरले तर दिवसाचे साडेअकरा हजार लिटर होतात. जुलैत तेवढ्या हवेत शरीरानं घालायचं पाणी सुमारे ३०० मिलिलिटर, जानेवारीत साडेचारशेच्या जवळ. ऋतू बदलला म्हणून नाकावर पडलेला जादा बोजा दीडशे मिलिलिटरचा. तो आपण सगळे दर वर्षी सोसतो. ओठ फुटतात, सकाळी नाकात खपली धरते, आणि कोणी बाटली लावत नाही.

याच माणसाला मिनिटाला दोन लिटर ऑक्सिजन नाकातल्या नळीनं लावला. नळीतून येणारे दोन लिटर कोरडे, बाकीची हवा खोलीतलीच. दिवसाचे २,८८० लिटर कोरडे, आणि जुलैतल्या हवेऐवजी ते आले म्हणून शरीरावर पडलेला जादा बोजा पन्नास-पंचावन्न मिलिलिटर पाण्याचा. टपरीवरच्या एका कटिंग चहाइतकाही नाही. खरं तर त्याहूनही कमी, कारण आपण श्वास सोडत असतो तेव्हा नळीतला ऑक्सिजन बाहेरच वाया जातो. हिवाळ्यात हा फरक आणखी घटतो, कारण तेव्हा खोलीतली हवाच ऑक्सिजनच्या जवळपास कोरडी असते. ऋतुबदलाचे दीडशे सोसणारं नाक हे पन्नास सोसू शकतं.

पुस्तकी शिफारशीही हेच सांगतात. अमेरिकेतल्या श्वसनोपचार तज्ज्ञांच्या संघटनेनं २००२ च्या मार्गदर्शिकेत म्हटलं की मोठ्या माणसाला नाकातल्या नळीनं मिनिटाला चार लिटरपर्यंत ऑक्सिजन देताना तो ओला करण्याची गरज नाही. १९८८ मध्ये 'चेस्ट' या नियतकालिकात एक अभ्यास छापून आला होता. नळीनं पाच लिटरपर्यंत ऑक्सिजन घेणाऱ्यांपैकी काहींना बाटली लावली, काहींना नाही. नाक कोरडं पडणं, घसा खवखवणं अशा तक्रारींत दोन्ही गटांत दखल घ्यावी असा फरक निघाला नाही. मुलांच्या ऑक्सिजनविषयी जागतिक आरोग्य संघटनेचं २०१६ चं पुस्तक आहे, तेही नाकातल्या नळीनं कमी प्रवाह देताना ओलावा अनावश्यक ठरवतं. ब्रिटिश थोरॅसिक सोसायटी तर २००८ मध्ये आणि पुन्हा २०१७ मध्ये याहून पुढे गेली : बुडबुड्यांच्या बाटल्या वापरूच नयेत, त्यांचा सिद्ध झालेला उपयोग नाही आणि संसर्गाचा धोका मात्र आहे.

तरी बाटली जात नाही. मला याचं पहिलं कारण अगदी साधं दिसतं : ती फ्लोमीटरला जोडूनच विकत मिळते. आपल्याकडे रुग्णालयं घेतात तो सेट म्हणजे वर गोळी तरंगणारी काचेची नळी आणि खाली बाटली. पेशंटची नळी खोचायचं तोंड बाटलीच्याच झाकणावर असतं. बाटली काढली तर नळी लावायची कुठे, असा प्रश्न रात्रपाळीच्या सिस्टरपुढे उभा राहतो. फ्लोमीटरला थेट बसणारं, नळी खोचायचं निमुळतं तोंड बाजारात मिळतं आणि बाटलीपेक्षा स्वस्त असतं, पण ते खरेदीच्या यादीत येत नाही. वर्षानुवर्षं सेट येतो म्हणून सेटच येतो.

दुसरं कारण डोळ्यांचं. बुडबुडे दिसतात, ऑक्सिजन दिसत नाही. आणि वैद्यकाच्या इतिहासात पाण्यातले बुडबुडे खरोखर डोळ्यांसाठीच वापरले गेले आहेत. लंडनचे भूलतज्ज्ञ एडमंड बॉइल यांनी १९१७ मध्ये जे भूल देण्याचं यंत्र बनवलं, त्यात वायू किती चालला आहे हे कळायला काचेच्या बाटलीत पाणी होतं. पाण्यात बुडालेल्या नळीच्या कुठल्या भोकांतून बुडबुडे सुटतात ते पाहून भूलतज्ज्ञ प्रवाहाचा अंदाज घेत. पुढे गोळी तरंगणारा अचूक फ्लोमीटर आला आणि पाण्याकडे बघायची गरज उरली नाही. वॉर्डातला लेक आजही १९१७ च्या पद्धतीनं ऑक्सिजन मोजतो आहे. त्यात त्याचा दोष नाही, त्याला गोळी वाचायला कोणी शिकवलेलं नाही. ते दोन मिनिटांचं काम आहे. गोळीचा मध्य ज्या रेषेवर, तेवढे लिटर.

शिवाय बुडबुडे अर्धंच सांगतात. ते बाटलीपर्यंत ऑक्सिजन आल्याचं सांगतात, नाकापर्यंत पोचल्याचं नाही. झाकण तिरकं बसलं असेल, वायसर झिजला असेल किंवा नळी पलंगाच्या चाकाखाली दबली असेल, तर बाटलीत बुडबुडे येत राहतात आणि ऑक्सिजन मधल्या मध्ये निघून जातो. बऱ्याच बाटल्यांच्या झाकणात एक सुरक्षा झडप असते. पुढे नळी बंद पडली की दाब साठतो आणि ती शिटी वाजवते. हीच तपासणीची युक्तीही आहे : नळी क्षणभर चिमटीत दाबायची. शिटी वाजली तर जोडणी घट्ट आहे. नाही वाजली, तर कुठेतरी गळतं आहे. बोटावर लावायचा पल्स ऑक्सिमीटर आता गावागावात आहे. बाटलीकडे बघण्यापेक्षा त्याच्या आकड्याकडे बघावं.

बाटली निरुपयोगी आहे एवढंच असतं तर मी हा लेख लिहिला नसता. अडचण पाण्याची आहे. दोन लिटरच्या प्रवाहात चोवीस तासांत बाटलीतलं पाणी चाळीस-पंचेचाळीस मिलिलिटरच कमी होतं. म्हणजे बाटली तीन-चार दिवस भरलेलीच दिसते. भरलेली दिसते म्हणून कोणी ती रिकामी करत नाही, आणि खालच्या रेषेला टेकली की वरून पाणी घालतात. शिळ्या पाण्यात ताजं. कोमट वॉर्ड, साचलेलं पाणी, प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला बोटाला लागणारा बुळबुळीत थर. स्यूडोमोनास जातीच्या जंतूंना याहून जास्त काही लागत नाही. लेजिओनेला हा न्यूमोनिया करणारा जंतू तर नळाच्या पाण्यावरच राहतो, आणि नळाचं पाणी भरलेल्या अशा बाटल्यांशी त्याच्या संसर्गाचा माग लागल्याच्या नोंदी वैद्यकीय वाङ्मयात आहेत. बुडबुडा फुटताना बारीक तुषार उडतात आणि ते ऑक्सिजनबरोबर थेट आजारी फुप्फुसाकडे जातात. नियम सोपा आहे : निर्जंतुक पाणी, दोन रेषांच्या मध्ये, रोज उरलेलं सगळं ओतून द्यायचं, बाटली धुवून, निर्जंतुक करून, कोरडी करून मग भरायची, एका पेशंटची बाटली दुसऱ्याला तशीच लावायची नाही. एका सिस्टरकडे तीस-चाळीस पेशंट असलेल्या वॉर्डात हा सोपा नियम रोज पाळणं किती अवघड आहे, हे वॉर्डात एक रात्र काढलेल्या कोणालाही कळेल. म्हणूनच ज्यांना बाटली लागत नाही त्यांची काढून टाकावी. मग ज्यांना लागते त्यांच्याकडे बघायला हात मोकळे राहतील.

'डिस्टिल्ड वॉटर आणा' अशी चिठ्ठी नातेवाइकाच्या हातात पडते तेव्हा आणखी एक घोटाळा होतो. मेडिकलचं दुकान बंद असलं की तो गॅरेजमधून बॅटरीत घालायच्या पाण्याचा कॅन घेऊन येतो. नाव तेच, रंग तोच. पण बॅटरीच्या पाण्यात क्षार नसावेत एवढीच अपेक्षा असते. ते जंतुरहित असेलच याची हमी कोणी देत नाही. बिसलेरीचीही तीच गत. काहीच मिळालं नाही तर पाणी खळखळून उकळून, झाकून, गार करून वापरणं त्यातल्या त्यात बरं.

२०२१ च्या एप्रिल-मेमध्ये हा विषय एकदम वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आला. २१ एप्रिलला नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात टाकीच्या गळतीमुळे ऑक्सिजनचा दाब गेला आणि वीसहून अधिक माणसं दगावली. राज्यभर सिलिंडरसाठी रांगा होत्या. त्यापाठोपाठ म्युकरमायकोसिस आला, ज्याला लोकांनी काळी बुरशी म्हटलं. डोळा, टाळू, जबडा गमावलेले लोक. मे महिन्यात केंद्रानं राज्यांना तो साथरोग कायद्याखाली नोंदवण्याचा आजार ठरवायला सांगितलं. महाराष्ट्र आणि गुजरात इथे रुग्ण सर्वांत जास्त होते. तेव्हा बोट या बाटलीकडे दाखवलं गेलं : नळाचं पाणी, घाण बाटल्या, कारखान्यांसाठीचे सिलिंडर. बाटल्यांत निर्जंतुक पाणीच वापरा, अशा सूचना सगळीकडे निघाल्या. सूचना योग्यच होत्या. पण बाटली गुन्हेगार ठरली का? नाही. देशातल्या १६ केंद्रांमधल्या २८७ रुग्णांचा अभ्यास डॉ. अतुल पटेल, डॉ. अरुणालोक चक्रवर्ती आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात ठळकपणे पुढे आला तो मधुमेह आणि स्टेरॉइडचा गैरवाजवी वापर. २०२२ मध्ये आलेल्या मोठ्या तुलनात्मक अभ्यासातही मधुमेह आणि स्टेरॉइड होतेच, त्यांच्या जोडीला ग्रामीण भागात राहणं हाही एक घटक निघाला. तालुक्याच्या गावातल्या माणसानं यातून घ्यायचं ते असं : ऑक्सिजनवर असताना रक्तातली साखर तपासली जाते आहे का, आणि स्टेरॉइड कधी थांबणार, हे बाटलीच्या आधी विचारावं. बाटली घाण असणं क्षम्य आहे असा याचा अर्थ नाही; त्या वेळी सगळा राग एका प्लॅस्टिकच्या वस्तूवर काढणं मात्र सोयीचं होतं.

आता दुसरी बाजू. ओलावा जिथे लागतो तिथे तो खरोखर लागतो, आणि तिथे ही बाटली कमी पडते. हा उलटा न्याय मला सगळ्यात जास्त खटकतो.

गळ्याला भोक पाडून श्वासनळीत ट्यूब बसवलेला पेशंट घ्या. मण्यार चावल्यावर किंवा शेतावरचं कीटकनाशक पोटात गेल्यावर दोन-दोन आठवडे व्हेंटिलेटरवर राहिलेली माणसं असतात. तंबाखूनं घशाचा कॅन्सर झालेली असतात. ट्यूब बसली की हवा नाकाला वळसा घालून सरळ आत जाते. ऊब आणि ओल देणारं नाकच वाटेत राहत नाही. कफ वाळतो, खपल्या होतात, ट्यूबमध्ये बूच बसतं, आणि माणूस घरातल्या घरात गुदमरू शकतो. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटसाठी त्याच अमेरिकी संघटनेची २०१२ ची मार्गदर्शिका तापवून ओला करणाऱ्या यंत्राकडून लिटरमागे ३३ ते ४४ मिलिग्रॅम पाण्याची अपेक्षा ठेवते, आणि ट्यूबच्या तोंडावर बसवायच्या छोट्या फिल्टरसारख्या साधनाकडून निदान ३०. हे साधन बाहेर जाणाऱ्या श्वासातली ओल अडवून आत येणाऱ्या श्वासाला परत देतं. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला एचएमई म्हणतात. बुडबुड्यांची बाटली काय देते? पाणी खोलीच्या तापमानाचं, वायू सुटताना आणखी गार होणारं. ती फार तर ऑक्सिजनला खोलीइतका दमट करील. २२ अंशांच्या वॉर्डात ते १९ मिलिग्रॅम होतात. म्हणजे ही बाटली उत्तम चालली तर कोरड्या ऑक्सिजनची जुलैतली वेल्ह्याची हवा बनवते. नाक शाबूत असलेल्याला तेवढं पुरतं, आणि त्याला तीही लागत नव्हती. गळ्यात ट्यूब असलेल्याला ती पुरत नाही.

ट्यूब घेऊन वाडीवर परतलेल्या माणसाचं काय होतं, त्याचा विचार डिस्चार्जच्या कागदावर फारसा नसतो. घरात चूल. दारात उन्हाळ्यात राब भाजल्याचा धूर. एचएमई मिळायला पुण्याला जावं लागणार आणि ते वरचेवर बदलायचं असतं. निदान ट्यूबच्या तोंडावर ओलसर, स्वच्छ गॉझ, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे सलाइनचे थेंब किंवा वाफारा, आतली नळी काढून धुण्याची सवय आणि कफ ओढायचं यंत्र, एवढं शिकवून पाठवायला हवं. घरच्या एका बाईला वॉर्डातच दोन दिवस स्वतःच्या हातानं ते करायला लावलं तर पुढचे महिने सुखाचे जातात.

दुसरा पेशंट म्हणजे जास्त प्रवाहावरचा. करोनात 'हाय फ्लो' हा शब्द गावागावात पोचला. जाड नळ्यांचं, नाकात बसणारं ते यंत्र मिनिटाला ६० लिटरपर्यंत हवा-ऑक्सिजन देतं. एवढा झोत कोरडा दिला तर नाक काही मिनिटांत हात टेकील. म्हणून त्या यंत्रात पाणी तापवायची कुंडी असते आणि नळीतही तापती तार असते, की वाफ वाटेत थिजू नये. ६० लिटरनं दिवसाला ८६,४०० लिटर होतात. सगळा कोरडा ऑक्सिजनच धरला तर तो पूर्ण दमट करायला पावणेचार लिटरच्या आसपास निर्जंतुक पाणी लागतं. आणि सात हजार लिटरचे जम्बो सिलिंडर लागतात बारा, एका माणसाला, एका दिवसाला. आडवळणाच्या तालुक्यात हे यंत्र चालवायचं म्हणजे मागे केवढी फौज लागते ते यावरून दिसतं. मधल्या पेशंटचं उत्तर इतकं टोकाचं नाही. मास्कनं सहा, आठ, दहा लिटर घेणाऱ्याला काही तासांपुरता कोरडा ऑक्सिजन चालतो, म्हणून वेल्ह्याहून पुण्याला जाणाऱ्या ॲम्ब्युलन्समध्ये बाटलीत पाणी नसलं तरी कोणी घाबरू नये. उलट घाटरस्त्यावरच्या वळणांत भरलेली बाटली हिंदकळून पाणी नळीत शिरण्याचाच धोका अधिक. दिवस उलटला आणि घसा सुकल्याची तक्रार सुरू झाली, तर ओलाव्याचा विचार करायचा.

तान्ह्या बाळांचा प्रकार आणखी वेगळा. त्यांच्या 'बबल सीपॅप'मध्ये पाण्याची बाटली दिसते, पण ती श्वास सोडण्याच्या बाजूला असते आणि तिथले बुडबुडे खरंच औषधाचं काम करतात : नळी पाण्यात पाच सेंटिमीटर बुडवली की तेवढा दाब बाळाच्या फुप्फुसात टिकतो. तिथे बुडबुडे थांबले तर सिस्टरला हाक मारायलाच हवी.

राहिला घरचा ऑक्सिजन, आणि भोर-वेल्ह्यात तो वाढतो आहे. चुलीपुढे चाळीस वर्षं भाकऱ्या थापलेल्या, विडी कधी हातात न धरलेल्या बायकांची फुप्फुसं धुरानं निकामी होतात, हे आता वादाचं राहिलेलं नाही. धूम्रपान न करणाऱ्यांना होणाऱ्या सीओपीडी या फुप्फुसाच्या जुनाट आजारावर 'लॅन्सेट'मध्ये २००९ मध्ये आलेल्या, जगभर वाचल्या गेलेल्या लेखाचे एक लेखक डॉ. संदीप साळवी हे पुण्याचेच. या आजारात रक्तातला ऑक्सिजन कायम फार खाली गेला, तर दिवसाचे १५ तास किंवा जास्त ऑक्सिजन घेतल्यानं आयुष्य वाढतं, असं १९८० आणि १९८१ मधल्या अमेरिकी आणि ब्रिटिश अभ्यासांनी दाखवलं. म्हणून डॉक्टर कॉन्सन्ट्रेटर लिहून देतात. मिनिटाला एक-दोन लिटर. यंत्राबरोबर बाटली येतेच, आणि घरात ती देव्हाऱ्यातल्या तांब्याइतक्या श्रद्धेनं भरली जाते. एक-दोन लिटरला तिची गरज नाही. डॉक्टरांना विचारून ती काढता येते, आणि ठेवायचीच असेल तर रोज रिकामी करायची.

नाक मात्र कोरडं पडतं, हे खरं. नळीचा झोत नाकाच्या पडद्यावर एकाच जागी लागतो, तिथे सोलवटतं, कधी रक्त येतं. आपल्याकडे यावर घरगुती इलाज खोबरेल तेलाचा, नाहीतर व्हॅसलीनचा. ऑक्सिजनवर असलेल्याच्या नाकात दोन्ही घालू नयेत. ऑक्सिजनच्या सान्निध्यात तेलकट पदार्थ चटकन पेट घेतो आणि तेलाचा अंश फुप्फुसात उतरला तर वेगळाच न्यूमोनिया होतो. पाण्यात विरघळणारं जेल किंवा सलाइनचे नाकात घालायचे थेंब मेडिकलमध्ये मिळतात, तेच वापरावेत. आणि यंत्र चुलीपासून, समईपासून, विडी ओढणाऱ्या म्हाताऱ्यापासून लांब ठेवावं. पावसाळ्यात खोऱ्यात झाड तारेवर पडलं की वीज एक-दोन दिवस येत नाही. त्यासाठी एक भरलेला सिलिंडर आणि त्याची चावी घरात हवी. आजीचं बोट निळसर दिसलं म्हणून गोळी दोनवरून पाचवर नेणारे नातेवाईकही असतात. सीओपीडीच्या पेशंटला ऑक्सिमीटरवर ८८ ते ९२ टक्के पुरे असतात. त्याहून वर नेलं तर रक्तात कार्बन डायऑक्साइड साठून माणूस गुंगीत जाऊ शकतो. बाटलीतल्या पाण्याची चिंता करणाऱ्या घरात या आकड्याची चिंता कमी दिसते, हे मला उलटं वाटतं.

२०२१ मध्ये मुंबई-पुण्यातल्या मंडळांनी, कंपन्यांनी, परदेशातल्या मराठी माणसांनी गावोगाव कॉन्सन्ट्रेटर आणि सिलिंडर पाठवले. मदत मोलाची होती. आता कोणाला आपल्या गावाकडच्या रुग्णालयाला काही द्यायचं असेल, तर आणखी एक कॉन्सन्ट्रेटर देण्याआधी तिथल्या डॉक्टरांना आणि सिस्टरना विचारा. फ्लोमीटरला थेट नळी लावायची तोंडं, निर्जंतुक पाण्याच्या सीलबंद बाटल्या, ट्यूबवाल्या पेशंटसाठी एचएमईचे खोके, चांगल्या प्रतीचे पल्स ऑक्सिमीटर, झाकणांचे वायसर : ही यादी फोटो काढण्याजोगी नाही, पण वॉर्डात रोज लागणारी आहे. आणि तुमचं माणूस ऑक्सिजनवर असेल तर राउंडच्या वेळी डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा : किती लिटर चालू आहे, बोटावरचा आकडा किती ठेवायचा आहे, आणि या प्रवाहाला बाटली लागते का? लागत असेल तर चिकटपट्टीवर आजची तारीख लिहून ती बाटलीवर लावायला सांगा. उद्या सकाळी तीच तारीख दिसली, तर पाणी बदललेलं नाही.